अशनी घासून पारदर्शक करताना

२२ मे २०१२ रोजी, ऐन उन्हाळ्यात, नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या आसपास आकाशातून दगड, म्हणजे अशनी, पडले. वरून काळी साल, फुटले तिथे आत राखाडी, आणि त्या राखाडीत धातूचे बारीक चमचमणारे कण. नुसत्या डोळ्यांना एवढंच दिसतं. अशाच दगडाचा पातळ काप ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की निळे, हिरवे, गुलाबी, केशरी तुकडे एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, "रंग नंतर भरलेत का?"

नाही भरलेले. पण ते दगडाचेही नाहीत. कुठला कण कोणत्या रंगाचा दिसेल हे तीन गोष्टींवर ठरतं: खनिज कोणतं, त्याचा स्फटिक कोणत्या बाजूने कापला गेला, आणि काप किती जाड आहे. पहिल्या दोन गोष्टींवर आपलं काही चालत नाही. तिसरी मात्र पूर्णपणे काप करणाऱ्याच्या हातात असते. त्यामुळे हे रंग शोभेचे समजू नयेत, ते मोजमाप आहे. काप तयार होत असताना ते जाडी सांगतात आणि जाडी बरोबर जमली की खनिज सांगतात. हे एकदा लक्षात आलं की बाकीची सगळी खटाटोप कशासाठी, ते आपोआप कळतं.

आधी प्रकाशाचं पाहू. साधा प्रकाश त्याच्या वाटेला काटकोनात, सगळ्या दिशांनी कंप पावत येतो. ध्रुवक त्यातली एकाच दिशेची कंपनं पुढे सोडतो. सूक्ष्मदर्शकात असे दोन ध्रुवक असतात, एक कापाच्या खाली आणि दुसरा वर, आणि ते एकमेकांशी काटकोनात लावलेले. खालच्याने उभी कंपनं सोडली तर वरचा फक्त आडवी सोडणार. मध्ये काही नसेल तर सगळा अंधार.

या दोहोंमध्ये ऑलिव्हिनसारख्या खनिजाचा स्फटिक आला की चित्र बदलतं. त्याच्यात शिरणारा किरण दोन किरणांत फुटतो आणि त्या दोघांचा वेग सारखा नसतो. एक पुढे निघतो, दुसरा मागे पडतो. वरच्या ध्रुवकात ते पुन्हा एकत्र येतात तेव्हा पांढऱ्या प्रकाशातले काही रंग एकमेकांना मारून टाकतात, काही उरतात. उरलेला रंग आपल्याला दिसतो. मागे पडण्याचं हे अंतर काढायला सोपं आहे. प्रत्येक खनिजाचा स्वतःचा एक आकडा असतो, त्याला कापाच्या जाडीने गुणायचं.

काटोलच्या जातीच्या दगडातल्या ऑलिव्हिनसाठी हा आकडा जास्तीत जास्त ०.०३७ च्या आसपास येतो. प्रमाण मानलेली जाडी ३० मायक्रॉन, म्हणजे ०.०३ मिलिमीटर. झेरॉक्सचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉनचा असतो, त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. गुणाकार केला की सुमारे १,१०० नॅनोमीटर येतात आणि तिथे झगझगीत गुलाबी, निळे, हिरवे रंग असतात. शेजारच्या ऑर्थोपायरॉक्सीन या दुसऱ्या खनिजाचा आकडा मात्र ०.०१० च्या जवळपास, म्हणून तो ३०० नॅनोमीटरवरच थांबतो आणि पांढरट, फार तर फिकट पिवळा दिसतो. आता समजा काप चुकून दुप्पट जाड राहिला. ऑर्थोपायरॉक्सीन जांभळट-निळा होऊन बसेल आणि नवखा माणूस त्याला बिनदिक्कत ऑलिव्हिन म्हणेल. खरा ऑलिव्हिन २,२०० नॅनोमीटरवर जाऊन फिकट गुलाबी-हिरवा, धुतल्यासारखा दिसेल. फोटो म्हणून असा काप कदाचित जास्तच देखणा वाटेल. नेटवरचे काही अतिरंगीत फोटो मला याच कारणाने संशयास्पद वाटतात.

दगड असा घासून त्यातून प्रकाश आरपार पाहायची पद्धत रुळवली ती इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी, १८५० च्या आसपास. एडिंबराच्या विल्यम निकॉल यांनी कॅल्साइटचा ध्रुवक लोलक १८२८ मध्येच केलेला होता. १८६० च्या दशकात सॉर्बींनी अशनींचे काप पाहायला घेतले. बहुतेक दगडी अशनींत मिलिमीटरभर आकाराचे गोल दाणे असतात, त्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. ते कधीकाळी वितळलेले, अग्निवर्षावातल्या थेंबांसारखे असावेत, असं त्यांनी १८७७ मध्ये मांडलं. हे थेंब वितळले कशाने, यावर आजही वाद चालू आहे. पण ते वितळले होते हे कापातल्या पोतावरून त्यांनी ओळखलं आणि ते टिकलं.

आता प्रत्यक्ष काम. पहिला प्रश्न पडतो तो करवतीचा नव्हे, पाण्याचा.

भूशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत बेसाल्टचा किंवा ग्रॅनाइटचा काप करताना हिऱ्याच्या पात्यावर पाण्याची धार सोडलेली असते. पातं थंड राहतं, भुकटी वाहून जाते. अशनीला तीच वागणूक दिली तर दोन प्रकारे नुकसान होतं. एक उघड आहे: त्यात लोह-निकेलचा धातू असतो, तो गंजतो, आणि गंजाचे तपकिरी ओघळ शेजारच्या खनिजांच्या भेगांत शिरतात. मग हा गंज जमिनीवर पडून राहिल्याने आला की आपल्या करवतीने, हे सांगता येत नाही. दुसरं नुकसान जास्त वाईट, कारण ते दिसतच नाही. काही खनिजं पाण्यात निघूनच जातात.

याचं उत्तम उदाहरण आपल्याच देशातलं आहे. २ डिसेंबर १८५२ रोजी उत्तर प्रदेशातल्या बस्तीजवळ एक अशनी पडला. ब्रिटिश म्युझियमच्या खनिज विभागाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी-मॅस्कलिन यांना त्यात कॅल्शियम सल्फाइडचं एक खनिज सापडलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तेव्हाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांच्यावरून १८६२ मध्ये त्याला ओल्डहॅमाइट म्हणू लागले. पृथ्वीवरच्या खडकांत हे खनिज जवळजवळ मिळतच नाही, कारण ओलावा लागला की ते विघटित होतं आणि सडक्या अंड्याचा वास सोडतं. पाण्याखाली घासलेल्या कापात त्याच्या जागी नुसता खड्डा उरतो. पाहणाऱ्याला वाटतं, इथे काही नव्हतंच. १९९८ मध्ये टेक्सासमधल्या मोनाहन्स इथे पडलेल्या अशनीत तर जांभळट-निळं मीठ निघालं, साधं सोडियम क्लोराइड, आणि त्या स्फटिकांत पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकलेले. पाण्याच्या करवतीखाली ते मीठ कुणाच्या लक्षात येण्याआधीच वाहून गेलं असतं.

म्हणून अशनी कापताना आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इथेनॉल वापरतात, किंवा तेल, आणि पातं सावकाश फिरवतात. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे मोटर आणि स्विच जपावे लागतात, खोलीत हवा खेळती लागते. घाई करणाऱ्याचं हे काम नाही. पातं जितकं पातळ तितकं बरं, कारण पात्याच्या जाडीइतका दगड भुकटी होऊन जातो, आणि इथे दगड ग्रॅमवर मोजलेला असतो.

दगड ठिसूळ असेल तर कापण्याआधीच त्याला पातळ एपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा गोंद, पाजतात. निर्वात भांड्यात ठेवून आतली हवा काढायची आणि मग एपॉक्सी सोडायची, म्हणजे ती भेगाभेगांत शिरते. काही कार्बनयुक्त अशनी बोटांत चुरडले जातात इतके मऊ असतात, त्यांचा काप याशिवाय होतच नाही. एपॉक्सी लवकर वाळावी म्हणून दगड तापवायचा मोह होतो. तो आवरावा, रात्रभर साध्या तापमानाला राहू द्यावं.

मग दोनेक मिलिमीटर जाडीच्या तुकड्याची एक बाजू काचेच्या सपाट पाटावर कार्बोरंडमच्या (सिलिकॉन कार्बाइडच्या) कडक भुकटीने घासायची, आधी भरड, मग बारीक. भुकटी बदलताना तुकडा आणि हात दोन्ही स्वच्छ करावे लागतात. भरड भुकटीचा एक कण जरी बारीक भुकटीत आला तरी तो शेवटपर्यंत ओरखडे काढत राहतो. ही बाजू सपाट झाली की ती काचेच्या स्लाइडवर एपॉक्सीने चिकटवतात. पूर्वी यासाठी कॅनडा बाल्सम हा झाडाचा डिंक वापरत. दोघांचाही अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, १.५४ च्या आसपास असतो आणि त्याच्याशी ताडून पाहून खनिजं ओळखता येतात, म्हणून घरातला कुठलाही गोंद चालत नाही. चिकटवताना हवेचा बुडबुडा राहिला तर त्या जागी काप पुढे हमखास फाटतो.

इथून दगड पातळ करायचा. दोन मिलिमीटरचे तीस मायक्रॉन करायचे म्हणजे ९८ टक्क्यांहून जास्त दगड काढून टाकायचा. सगळा घासून काढला तर सगळा वाया. म्हणून स्लाइडवर चिकटलेल्या तुकड्याचा वरचा भाग पुन्हा करवतीने अलगद कापून बाजूला ठेवतात, त्यातून आणखी एक काप निघू शकतो. स्लाइडवर अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी उरतं. यंत्रावर ते १०० मायक्रॉनपर्यंत खाली आणतात आणि शेवटचा टप्पा पुष्कळ जण अजूनही हातानेच करतात. एक चौरस सेंटिमीटरच्या तयार कापात दगड उरतो जेमतेम १० मिलिग्रॅम.

हा शेवटचा टप्पा सगळ्यात बघण्यासारखा. स्लाइड बोटांखाली धरून काचेवर इंग्रजी आठचा आकडा गिरवत घासायची, थोड्या फेऱ्या झाल्या की पुसून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. आधी सगळं तपकिरी, अपारदर्शक. मग कडा उजळतात, कारण कडा नेहमी आधी झिजतात. मग फिकट गुलाबी-हिरवे ठिपके दिसू लागतात आणि पुढच्या प्रत्येक घासणीबरोबर रंग गडद होत खाली उतरत जातात. पृथ्वीवरच्या खडकांत जाडी तपासायला क्वार्ट्झकडे बघतात, तो राखाडी-पांढरा झाला की थांबायचं. काटोलसारख्या दगडात तपासायला क्वार्ट्झ नसतो, म्हणून नजर ऑर्थोपायरॉक्सीनवर ठेवावी लागते. त्याचा निळा जातो, मग तांबडा, मग केशरी, मग पिवळा. फिकट पिवळा-पांढरा आला की हात थांबवायचा. एकाच कणावर विसंबून मात्र चालत नाही, कारण तो कण आडव्यातिडव्या बाजूने कापला गेला असेल तर जाडी जास्त असूनही फिका दिसेल. पुष्कळ कण पाहायचे आणि त्यातला सगळ्यात चढा रंग धरायचा. एका बाजूचे कण पिवळे आणि दुसऱ्या बाजूचे निळे दिसत असतील तर बोटाचा दाब एकाच बाजूला पडतोय. आता जाड बाजूवर बोट ठेवून घासायचं. हे पुस्तकात वाचून जमत नाही. पाच मायक्रॉन जास्त गेले की परत आणता येत नाहीत, आणि अजून थोडं घासलं तर काप स्लाइडवरून नाहीसाच होतो.

यानंतर पृथ्वीवरच्या खडकाच्या कापावर बहुधा पातळ काच चिकटवून काम संपवतात. अशनीवर ती चिकटवू नये, असं माझं ठाम मत आहे, आणि बहुतेक संग्रहांतही तसंच करतात. कारण धातू आणि ट्रॉयलाइट नावाचं लोहाचं सल्फाइड कितीही पातळ केलं तरी प्रकाश आरपार जाऊ देत नाही. खालून येणाऱ्या प्रकाशात ते नुसते काळे डाग. ते पाहायचे तर वरून प्रकाश टाकून परावर्तनात पाहावे लागतात आणि त्यासाठी पृष्ठभाग आरशासारखा हवा. म्हणून वरची बाजू हिऱ्याच्या पेस्टने चढत्या बारकाईने चकाकवतात: ६ मायक्रॉन, ३, १, काही जण त्याहून खाली जातात. यातही एक अडचण आहेच. ऑलिव्हिन कडक आणि धातू मऊ. मऊ कापडावर फार वेळ घासलं तर धातू खोलगट होतो आणि कडक कण उंचवटे होऊन राहतात. जोर लावला तर धातू शेजारच्या भेगांवर लिंपला जातो. कमी जोर, कमी वेळ, आणि प्रत्येक पायरीनंतर धुणं, एवढाच त्यावर उपाय.

काप तयार झाला. आता त्यात काय बघायचं?

२८ जानेवारी १९७६ रोजी गुजरातमध्ये धजाळा इथे पडलेला अशनी घेऊ. त्याचं वर्गीकरण एच ३.८ असं आहे. अक्षर लोहाच्या प्रमाणावरून दिलेला गट सांगतं. यातला ३ महत्त्वाचा, कारण ३ ते ६ मध्ये आकडा जितका मोठा तितका दगड जास्त तापलेला: जन्मानंतर हा दगड फारसा तापलेला नाही, म्हणून त्याचे कॉन्ड्रूल अजून ठसठशीत आहेत. अशा दगडात पट्टेदार ऑलिव्हिनचा कॉन्ड्रूल सापडला तर तिथे जरा रेंगाळावं. गोल कड, आत एकमेकींना समांतर पट्ट्या, सगळ्या एकाच रंगाच्या. सूक्ष्मदर्शकाचा गोल मंच हळूहळू फिरवला की सगळ्या पट्ट्या एकदम अंधारतात, पुढे नेलं की एकदम उजळतात, पूर्ण फेरीत चार वेळा. पट्ट्या सुट्या दिसत असल्या तरी तो एकच स्फटिक आहे, म्हणूनच सगळ्या एका तालात विझतात. वितळलेला थेंब झपाट्याने निवताना असा सांगाडा तयार होतो. पट्ट्यांच्या मधल्या जागेत काच असते.

काटोलचा दगड एल ६. त्याच्या मूळ लघुग्रहावर तो ८०० अंशांच्या वर तापून राहिलेला आहे. स्फटिक वाढले, कॉन्ड्रूलच्या कडा आसपासच्या कणांत मिसळून गेल्या, काचेचं फेल्डस्पार हे खनिज झालं. कापात कॉन्ड्रूल शोधावे लागतात, कुठे अर्धवर्तुळ, कुठे नुसती पट्ट्यांची आठवण. देखणेपणात धजाळा पुढे, पण एकाच जागी बसून दोन्ही काप पाहिले तर तापमान या गोष्टीने दगडाचं काय होतं ते अर्ध्या तासात कळतं.

रंगांइतकंच लक्ष अंधाराकडे द्यावं. चारी बाजूंनी फिरवूनही जो कण काळाच राहतो, त्याच्यासाठी एक साधी चाचणी आहे: वरचा ध्रुवक बाजूला करायचा. कण तरीही काळाच असेल तर धातू किंवा सल्फाइड. लख्ख पारदर्शक झाला तर बहुधा काच, किंवा घनाकार रचनेचं एखादं खनिज.

या चाचणीचं एक फळ फार मोठं निघालं. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला सुमारे ५ किलोचा अशनी पडला. व्हिएन्नाच्या गुस्ताव्ह चेरमाक यांनी त्याचा अभ्यास करून १८७२ मध्ये लिहिलं, की यातले काही कण आकाराने फेल्डस्पारसारखे, पारदर्शकही, पण काटकोनात लावलेल्या ध्रुवकांमध्ये काळेच राहतात. मॅस्कलिन यांच्यावरून या पदार्थाला मॅस्केलिनाइट म्हणतात. फेल्डस्पारला प्रचंड आघाताचा दाब बसून, आपला बाहेरचा आकार न सोडता, आतून त्याची काच झालेली असते. आघाताचा अर्थ खूप उशिरा लागला. शेरघाटीचा दगड मंगळावरून आलेला आहे, तिथल्या पृष्ठभागावर काहीतरी आदळून उडालेला, हे मत १९८० च्या दशकात पक्कं झालं. हाच मॅस्केलिनाइट बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या बेसाल्टमध्येही सापडतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर ज्वालामुखीचं नसून आघाताचं आहे, याच्या भक्कम पुराव्यांपैकी हा एक. कापात पाहिलं तर प्लॅजिओक्लेजच्या (फेल्डस्पारचाच एक प्रकार) लांबट पट्ट्या आपल्या जागेवर, कडा शाबूत, आणि फिरवलं तरी उजेड नाही.

आघात सौम्य असेल तर खुणाही सौम्य असतात. निरोगी ऑलिव्हिन एका झटक्यात विझतो. थोडा मार बसलेल्या ऑलिव्हिनमध्ये मंच फिरवताना अंधार लाटेसारखा या टोकाकडून त्या टोकाकडे सरकतो, कारण स्फटिक किंचित वाकलेला असतो. जास्त मार बसला की त्याचे बारीक बारीक ठिगळांसारखे भाग वेगवेगळ्या क्षणी विझतात. १९९१ पासून एस १ ते एस ६ अशी आघाताची जी श्रेणी वापरात आहे, ती मुख्यतः अशाच खुणांवर बेतलेली आहे.

सूक्ष्मदर्शकाची पोच मात्र एका ठिकाणी संपते. काटोलच्या कापांत आघाताने वितळून झालेल्या काळसर शिरा दिसतात. त्यांच्यातले कण इतके लहान, की ध्रुवित प्रकाशात नुसती काळपट गिचमिड. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये अशाच शिरांमध्ये ब्रिजमनाइट असल्याचं दाखवलं. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरपेक्षा खोल सगळ्यात विपुल असलेलं हे खनिज आपल्या हाती तिथून कधीच येत नाही. ते ओळखलं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांनी. पण कापात शिरा कुठे आहेत, कोणत्या शिरेपाशी थांबायचं, हे आधी साध्या सूक्ष्मदर्शकानेच ठरवावं लागतं. आणि वर काच चिकटवलेला काप इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली ठेवून उपयोग नसतो.

घरी पाहायची हौस असेल तर स्वतः काप करण्याच्या भानगडीत पडू नये. भारतात पडलेला दगड सापडलाच, तर तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे द्यायचा. तयार काप विकत मिळतात. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक, सगळ्यात कमी वर्धनाचं भिंग आणि ध्रुवक फिल्मचे दोन तुकडे, एवढ्यावर भागतं. एक तुकडा दिव्यावर, दुसरा नेत्रिकेवर, आणि मंच गोल नसेल तर स्लाइड हाताने फिरवायची. फिल्मऐवजी कॅमेऱ्याचे सर्क्युलर ध्रुवक फिल्टर वापरणार असाल तर दोघांच्याही पुढच्या बाजू स्लाइडकडे हव्यात. आट्यांची बाजू खालच्या फिल्टरची दिव्याकडे आणि वरच्याची डोळ्याकडे. स्लाइड न ठेवता एक फिल्टर फिरवून पाहा. कुठेच पुरता अंधार होत नसेल तर दोहोंपैकी निदान एक उलटा लागला आहे.